नवेगावबांधच्या काठी तीन रात्री

पाऊस लागला की वकील झोपत नाही. आम्हा मित्रांना हे ठाऊक होतं, आणि त्यावर बोलायचं नाही हे न ठरवताच ठरलेलं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून सांडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांमध्ये शिरली. वकिलाचं घर त्याच खालच्या अंगाला. तळमजल्यावर त्याची कचेरी, मागच्या खोलीत आई. शेजाऱ्यांनी आईला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं म्हणून ती वाचली. वडिलांच्या वेळेपासूनची कायद्याची पुस्तकं मात्र कपाटातच फुगली, आणि इतकी घट्ट बसली की ती बाहेर काढायला फळ्या तोडाव्या लागल्या. फळ्या तोडायला मीही होतो. तो आवाज माझ्याही कानातून गेलेला नाही.

म्हणून यंदा आषाढ लागल्यावर मास्तर जेव्हा म्हणाला, "चाला बे, नवेगावबांधला जाऊ, तलावाच्या काठी तंबू ठोकू," तेव्हा मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तलाव आणि तोही भर पावसात, हे वकिलासमोर कोणी बोलतं का?

वकील बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "येतो."

आम्ही चौघं. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्याचं आजोळ नवेगावबांधजवळच्या एका खेड्यात. भाऊ आमच्यात वयानं मोठा. नागपूरच्या महाल भागात लग्नकार्याच्या स्वयंपाकाची कामं घेतो. वकील, आणि मी.

गुरुवार

सकाळी साडेसहाला पारडी नाका सोडला. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध नागपूरहून सुमारे १४० किलोमीटर. भंडाऱ्यापर्यंत पाऊस नुसता भुरभुरत होता. कारध्याच्या पुलावर आलो तर वैनगंगा पिवळट, गढूळ आणि केवढी तरी रुंद. खाली गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून तिचा फुगवटा इथवर येतो. वकील खिडकीकडे बसला होता. पूल संपेपर्यंत त्यानं काच खाली केली नाही.

लाखनी गेलं, साकोली गेली. साकोलीत चहा आणि गरम भजी झाली. कोहमाऱ्याला मोठा रस्ता सोडून दक्षिणेला वळलो आणि तिथून पुढे जे दिसायला लागलं त्यानं सगळेच गप्प झाले. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, काहींत नुसतं पाणी, काहींत चिखलणी चाललेली, आणि मधूनमधून पऱ्ह्यांचे तुकडे. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. त्या हिरव्याला दुसरं नाव नाही, पोपटी म्हटलं तरी कमी पडतं. आम्ही नागपूरकर संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखातले. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ही एवढी वेगळी दुनिया आहे आणि आपण वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मास्तरचे मामा फाट्यावर उभे होते. वय सत्तरीचं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी. ते कोहळी. या भागात तलाव बांधणारी जात म्हणून कोहळ्यांची ओळख आहे, पण ते सगळं मामांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एक गोष्ट केली: आमची तंबूची जागा बदलली.

पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाची जंगलफेरीची दारं बंद असतात आणि जंगलात रात्री राहण्याचा प्रश्नच नाही. आमचे तंबू लागणार होते मामांच्या स्वतःच्या जमिनीवर, तलावाच्या एका फाट्याला लागून. आम्ही पाण्यापासून वीस पावलांवर, एका मोठ्या मोहाखाली, सुंदर सपाट गवत बघून सामान टाकलं होतं. समोर तलाव, पलीकडे ढगांत अर्ध्या बुडालेल्या टेकड्या. याहून चांगली जागा कुठली?

मामांनी काठीनं खालचं झुडूप दाखवलं. "हे पाहा." झुडपाच्या मुळात वाळकं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा अडकलेला. "मागच्या साली पानी इथवर होतं." मग काठी वर मोहाकडे. "आन् ते फांदी पाहा. सुकली हाये. वाऱ्यात तेच आंगावर येते."

आम्ही सगळं सामान उचलून वर नेलं, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडे, उताराच्या खांद्यावर. तिथून तलाव थोडा लांब दिसत होता, पण पूर्ण दिसत होता. पाण्याकाठी तंबू लावणाऱ्या कोणालाही मी आता हेच सांगेन: आधी गेल्या वर्षीची कचऱ्याची रेघ शोधा, आणि मग तिच्या बरंच वर जा. मामांनी तंबूंच्या वरच्या अंगाला कुदळीनं वीतभर खोल चरही काढून दिला, म्हणजे उतारावरून येणारं पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाईल. शिवाय बजावलं की तंबूची चेन रात्री एक बोटभरही उघडी ठेवायची नाही, कारण या दिवसांत मण्यार घरात येते तिथे तंबूचं काय. जोडे आत, आणि सकाळी झटकून घालायचे.

चूल पेटवायला सर्वांत जास्त वेळ गेला. लाकूड ओलं. शेवटी मामींनी घरून गोवऱ्या आणि वाळक्या बांबूच्या चिरफळ्या पाठवल्या. भाऊनं आधी चिरफळ्या, मग गोवरी आणि तिच्याभोवती ओली लाकडं उभी करून वाळत ठेवली. एकीकडे चूल चालू, दुसरीकडे उद्याचं सरपण सुकतंय. खिचडी झाली, वर तूप, सोबत कांदा. बास.

संध्याकाळी वकील एकटाच पाण्याकडे गेला. परत आला तो मामांना विचारायला, "एक काडी मिळेल का? सरळ, लांब?"

मामांनी काही न विचारता बांबूची काडी तोडून दिली. वकिलानं तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतरानं सुतळीच्या गाठी बांधल्या आणि काठाशी, जिथे पाणी आणि चिखल मिळतात तिथे, ती खोल रोवली. मी टॉर्च धरून उभा होतो. पहिली गाठ बरोबर पाण्याच्या कडेवर.

रात्री दहाला पाऊस आला. आला म्हणजे आधी ऐकू आला. तलावाच्या पलीकडच्या टेकड्यांवरून त्याचा आवाज निघाला, मग पाण्यावरून चालत आमच्याकडे आला. मोजून तीन-चार मिनिटं आम्ही त्याला येताना ऐकत होतो. उघड्या पाण्यावरचा पाऊस पत्र्यावरच्या पावसासारखा नसतो. खूप लोक एकाच वेळी हलक्या आवाजात बोलत असावेत तसा असतो. आणि मग एकदम तो तंबूवर आला, आणि बाकी सगळं ऐकू येणं बंद झालं.

वकील बाराला उठला. टॉर्च घेऊन खाली गेला, काडी बघून आला. दीडला पुन्हा. अडीचला पुन्हा. तिसऱ्या वेळी मीही सोबत गेलो. तो म्हणाला, "त्या रात्री मी पण असाच पाहत होतो. जिन्याची पायरी मोजत होतो. एक पायरी, दुसरी पायरी. पाच मिनिटाला एक."

मी विचारलं, "आणि इथं?"

त्यानं काडीवर उजेड टाकला. पाणी पहिल्या गाठीच्या जेमतेम एक बोट वर होतं.

शुक्रवार

सकाळी पाऊस उघडला होता. टेकड्यांच्या माथ्यावर ढग कापसासारखे अडकलेले, आणि तलाव एकदम शांत, राखाडी. पावशा ओरडत होता, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा". इथे मात्र पेरणी कधीच झाली होती, सगळं गाव रोवणीला निघालं होतं.

काडीवर दोन बोटं. मास्तरनं चहा पितापिता हिशेब मांडला. शाळेच्या फळ्यावर मांडतो तसाच, चिखलात काटकीनं. "तलाव पूर्ण भरला का पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. म्हणजे १ कोटी १० लाख चौरस मीटर. ह्यात एक सेंटीमीटर पाणी चढायला किती लागते? १ लाख १० हजार घनमीटर. म्हणजे ११ कोटी लिटर. आत्ता तलाव भरायचा आहे, तर थोडं कमी धर. तरी रात्रभऱ्यात त्यानं तीस-चाळीस कोटी लिटर पाणी घेतलं आणि फक्त दोन बोटं वर आला."

वकील त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. "आणि नाग नदीला जागाच नव्हती," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मामांच्या बांधीत उतरला. रोवणेकरी बाया पंधरा-वीस होत्या, एका रांगेत, कमरेत वाकलेल्या, मागे मागे सरकत. पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं दोन-तीन रोपं तोडून चिखलात खोचतात. बघताना काहीच वाटत नाही. आम्ही अर्ध्या तासात पाठ धरून धुऱ्यावर बसलो. बाया सकाळपासून होत्या आणि दिवस मावळेपर्यंत राहणार होत्या. मधूनच एक बाई गाण्याची ओळ उचलायची आणि बाकीच्या ती पुरी करायच्या. शब्द झाडीबोलीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या बोलीतले, निम्मे आम्हाला कळले नाहीत. त्यातलं माहेर तेवढं कळलं. ताटातला भात या कमरेवर उभा आहे हे आपण ऐकलेलं असतं, पण पाय चिखलात गेल्याशिवाय ते पोचत नाही.

एका बाईनं वकिलाला विचारलं, "कोन गाव, भाऊ?"

"नागपूर."

"तुमच्याकडं तं पूर आला होता. टीव्हीवर दाखवलं."

"हो. माझ्याच घरात."

बाई रोवता रोवता थांबली. "मंग?" एवढंच म्हणाली. आणि वकील बोलायला लागला. पुस्तकांचं, आईचं, खुर्चीचं. आम्हाला इतक्या दिवसांत जे सांगितलं नव्हतं ते त्यानं गुडघाभर चिखलात उभं राहून एका अनोळखी बाईला सांगितलं. तिचे हात तोवर पुन्हा चालू झाले होते. शेवटी ती म्हणाली, "पुस्तकं गेली, माय रायली," आणि पुढच्या ओळीला सरकली.

दुपारी मामा आम्हाला पाळीवर घेऊन गेले. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. पाणी 'पानी' होतं आणि पाळ 'पार' होते. पाळ म्हणजे तलावाचा बांध. मला वाटलं होतं एवढ्या मोठ्या तलावाचा बांध मैलभर तरी लांब असेल. नाही. टेकड्यांची रांग जिथे तुटते तिथे मधल्या खिंडी भरणाऱ्या दोन आखूड पाळी, बस्स. बाकीचं काम डोंगरांनीच केलंय. ही जागा ज्यानं शोधली त्याचं नाव कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस. त्याच्याजवळ ना नकाशा ना दुर्बीण. पावसाळ्यात कुठून पाणी येतं, कुठे थांबतं, कुठून पळतं, हे चालून चालून पाहिलं असणार. मला तर वाटतं, कैक पावसाळे त्यानं या टेकड्यांवर घालवले असतील, आणि मगच पहिली पाटी माती पडली असेल.

तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्या बहिणींनीच बांध घालायला कोलू पाटलाला मदत केली अशी कथा आहे, आणि पुढे लोकांनी त्यालाही देव केलं. कोलासूर देव. त्याचं ठाणं त्याच टेकड्यांपैकी एकीवर आहे. मामांनी पाळीवरूनच तिकडे हात जोडले. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा मुलूख मला फार मोठा वाटतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे लहानमोठे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची, अशी आठवण इथे सांगतात. पुढे मालगुजारी आली, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारे जमीनदार आले, आणि तलाव त्या मालगुजारांचे झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव', आणि त्याचं आखूड रूप 'मामा तलाव'. आमच्या मामांच्या गावचाही एक मामा तलाव आहे, छोटा. तिथे त्यांनी आम्हाला तुडूम समजावून सांगितलं. पाळीच्या आतल्या बाजूला एकाखाली एक भोकं, लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली. पाणी सोडायचं तर आधी वरची गुट्टी काढायची. पाणी तिच्या खाली गेलं की त्याखालची. म्हणजे तलाव एकदम कधीच रिकामा होत नाही, आणि पाणी नेहमी वरवरचं, ऊन लागलेलं, धानाला मानवणारं मिळतं. "माहा आजा बुडी मारून गुट्टी काढे," मामा म्हणाले. "कोनाच्या बांधीत किती पानी, ते गाव ठरवे."

वकिलानं विचारलं, "आणि जास्त झालं तर?"

मामांनी सांडव्याकडे नेलं. पाळीच्या टोकाला, खडकाळ जमिनीवर, पाळीपेक्षा पुष्कळ खाली. तिथून निघालेला ओढा दुसऱ्या तलावात जातो. त्याचा सांडवा तिसऱ्यात. तिथून नाल्याला, नाल्यातून नदीला. "पार बांधाच्या आंधी हे ठरवा लागते," मामा म्हणाले. "पानी इल किती, ते आपल्या हाती नाही. जाइल कुठून, ते आपल्या हाती हाये."

वकील सांडव्याच्या दगडावर बसून राहिला. आम्ही पुढे गेलो, परत आलो, तरी तो तिथेच. शेजारी वाहत्या पाण्यात पोरं गमच्यानं लहान मासे धरत होती. चढणीच्या दिवसांत मासा पाण्याच्या उलट जातो, सांडव्याच्या धारेत उड्या मारतो. मामा पोरांवर ओरडले की पोटात अंडी असलेला मासा सोडून द्या. पोरांनी सोडला की नाही ते मला दिसलं नाही.

रात्री मामींनी सात्या पाठवल्या. वारुळावर उगवणाऱ्या या अळंब्या पावसाळ्यात थोडेच दिवस मिळतात, आणि कुठल्या वारुळावर कधी येतात हे घराघरातलं गुपित असतं. भाऊनं त्या फक्त कांदा, लसूण, तिखट आणि वरून मूठभर सांबार घालून केल्या. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पश्चिमेकडच्या वाचकांसाठी.) सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे. भाऊ स्वतः पाच-पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा माणूस, पहिला घास खाऊन म्हणाला, "ह्याच्यात मी काहीच केलं नाही. हे पावसानं केलं."

त्या रात्री वकील दोनदाच उठला.

शनिवार

दिवसभर पाऊस. थांबला नाही, कमी झाला नाही. अशा दिवसात काय होतं? काही होत नाही. तंबूच्या तोंडाशी ताडपत्री ताणून चौघं बसलो. चूल पेटती ठेवणं हेच एक काम. भाऊनं गोळाभात केला, बेसनाचे तिखट गोळे भातातच वाफवलेले, वर फोडणीचं तेल. मास्तर पक्षी मोजत होता. हिवाळ्यात इथे दूरदेशीची बदकं येतात तेव्हा गर्दी असते, पण आषाढातले पक्षी घरचे. अडईची बदकं शीळ घालत जोडीनं जायची. पाण्यावरच्या पानांवरून लांब शेपटीचा कमळपक्षी लांब बोटं टाकत चालायचा. जांभळ्या पाणकोंबड्या गवतात. सारस दिसावा अशी फार इच्छा होती, कारण राज्यात सारस आता मुख्यतः याच टापूत उरलेत आणि धानाच्या बांधीत घरटं करण्याचा त्यांचा हंगाम हाच. नाही दिसला. मामा म्हणाले की त्यांच्या लहानपणी जोडी बांधीत उतरायची आणि घरटं असलेला तेवढा कोपरा शेतकरी न रोवता सोडायचा.

तीन वाजता अंग आंबलं म्हणून गाडी काढली आणि गोठणगावकडे गेलो. इटियाडोहचं धरण पावसाच्या पडद्यात निम्मंच दिसलं. जवळच प्रतापगडाचा डोंगर, जिथे महादेव आणि दर्गा एकाच डोंगराशी आहेत आणि दोन्हीकडे लोक जातात. आणि तिथेच तिबेटी लोकांची वसाहत. गोंदिया जिल्ह्याच्या धानात, ऐन-सागाच्या जंगलात, पाच दशकांपासून राहणारी माणसं. त्यांच्या रंगीत पताका पावसानं भिजून दोरीला चिकटल्या होत्या. बर्फाच्या मुलखातल्या लोकांना हा आषाढ पहिल्या वर्षी कसा वाटला असेल?

परतताना एका लहान नाल्यावर पाणी रस्त्याला लागलं होतं. फार नव्हतं, घोट्याएवढं असेल. समोरून एक ट्रॅक्टर आरामात गेला. मास्तर म्हणाला, निघू. वकील म्हणाला, "थांब." त्याचा चेहरा पाहून मास्तरनं गाडी बंद केली. आम्ही पाऊण तास थांबलो. पाणी उतरलं, काठावरचा दगड उघडा पडला, मग गेलो. वाहतं पाणी किती खोल आहे हे वरून कळत नाही आणि खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हेही कळत नाही. थांबलो ते बरोबरच केलं. पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते हे की तो पाऊण तास वकील गाडीबाहेर, छत्री घेऊन, पाण्याकडे तोंड करून उभा होता. पाठ करून नाही.

काडीवरच्या दोन गाठी संध्याकाळपर्यंत बुडाल्या होत्या.

रविवार

सकाळी मला जाग आली ती उन्हानं. तंबूचं कापड पिवळं झालं होतं. बाहेर भाऊ चूल फुंकत होता आणि त्यानं ओठावर बोट ठेवून मला गप्प केलं. शेजारच्या तंबूतून घोरण्याचा आवाज येत होता. पहाटे तीनला पावसाची मोठी सर येऊन गेली होती, मी तिच्या आवाजानं उठलो होतो. वकील त्यात झोपला होता. आम्ही साडेआठपर्यंत कुजबुजत चहा प्यायलो, भांडी घासली नाहीत.

तलाव त्या उन्हात निळा नव्हता, मातीच्या रंगाचाच होता, पण त्यात सातही टेकड्या उलट्या पडल्या होत्या. ढिवराचा एक डोंगा त्यांच्या मधून चालला होता. माणूस उभा, एकच वल्हं, जाळं पायाशी. त्यानं मागे काढलेली रेघ बराच वेळ टिकून राहिली.

तंबू उन्हात वाळवले, चर बुजवला, चुलीची राख मामींनी सांगितल्याप्रमाणे परसात टाकली. प्लास्टिकचा एकूण एक कपटा पोत्यात भरून गाडीत ठेवला. मास्तरनं काडी उपटायला हात घातला तर मामा म्हणाले, "राहू द्या."

जेवण मामींकडे. धानाच्याच घरी धानाचा भात, वास्त्यांची भाजी, झिंग्यांचं कालवण. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, किसून धुऊन त्यांचा कडूपणा काढावा लागतो. निघताना मामींनी चौघांना एकेक पिशवी तांदूळ दिला. वकिलाच्या पिशवीत आईसाठी वेगळी पुरचुंडी होती. तिच्यात काय होतं ते त्यानं आम्हाला दाखवलं नाही.

कारध्याच्या पुलावर वकिलानं काच खाली केली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात दोन रात्री सलग पाऊस झाला. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास माझा फोन वाजला. वकील. मी धडपडत उठलो, पँट शोधायला लागलो, म्हटलं, "पाणी आलं का? येऊ का?"

"नाही, नाही. झोप तू," तो म्हणाला. "मामांना संध्याकाळी फोन केला होता. चार गाठी बुडाल्या. सांडवा सुरू झाला."